दादा, आधीचंही सांग

प्रिय दादा,

परवाच्या साखरपुड्यात तू शर्ट जरासा वर करून मावशीच्या जावयांना पोटावरचे व्रण दाखवत होतास. डावीकडचेच. उजवीकडे, जिथे लघवीची पिशवी असते, तिथे शर्ट मुठीत घट्ट धरला होतास. “रोबोटनं केलंय, बघा, केवढीशी भोकं!” काय तो रुबाब! मला बरं वाटलं आणि रागही आला.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं, आठवतं? रोबोट आपणहून काहीच करत नाही. ते स्वतः चार पावलांवर कन्सोलमध्ये डोकं घालून बसणार, आतलं सगळं त्यांना दहापट मोठं दिसणार, आणि त्यांची बोटं वळतील तशी पोटातली चिमुकली अवजारं वळणार. हाताचा बारीकसा कंपही आत पोचणार नाही. “मग रोबोटनं कॅन्सर जास्त बरा होतो का हो?” वहिनीनं विचारलं. तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं, तसा फरक नाही. अमेरिकेतल्या 15 रुग्णालयांत झालेली तुलना 2018 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. मूत्राशय पोट उघडून काढलं काय नि रोबोटनं काढलं काय, दोन वर्षांनंतर आजार न बळावलेले रुग्ण दोन्हीकडे शंभरात 72 च्या आसपासच होते. रोबोटच्या ऑपरेशनला वेळ जास्त लागला, पण रक्त कमी गेलं. केमोनं हिमोग्लोबिन उतरलेल्या तुझ्यासाठी तेही थोडं नव्हतं. म्हणून तर वहिनीनं एफडी मोडली.

पण दादा, त्याआधीचं का नाही सांगत कुणाला?

लघवी लाल झाली तेव्हा तू काय म्हणालास? “उन्हाळी लागलीय.” मग सब्जा, धने-जिऱ्याचं पाणी, कोकम सरबत. दुखत तर काहीच नव्हतं. दोन दिवसांत रंग निवळला आणि तू मोकळा झालास. पुन्हा लाल झाली, पुन्हा सब्जा. शेवटी बाथरूमच्या पांढऱ्या फरशीवर वहिनीला दिसलं, नाहीतर अजून किती दिवस झाकलं असतंस? न दुखता रक्त जाणं हीच बहुतेकदा मूत्राशयाच्या कॅन्सरची पहिली खूण असते, आणि ते थांबलं म्हणजे आजार गेला असं मुळीच नसतं.

गाठ अस्तरापुरतीच असती, तर लघवीच्या वाटेनंच दुर्बीण घालून खरवडता आली असती. पोटावर एकही भोक पडलं नसतं. मूत्राशयही बहुधा राहिलं असतं. तुझी स्नायूत शिरली होती. लवकर डॉक्टरांकडे गेला असतास तर टळलं असतं का, ते कोण छातीठोक सांगणार? पण ती संधी तू आजाराला फुकट दिलीस, एवढं तरी कबूल कर. आणि त्या सिगारेटी! तंबाखूतलं विष मूत्रपिंडं गाळतात आणि ते लघवीबरोबर मूत्राशयात तासन्‌तास साठून राहतं. फुप्फुसाची भीती तुला सगळ्यांनी घातली, ही कुणीच घातली नव्हती.

पिशवीची लाज कसली वाटते रे तुला? आतड्याचा वीतभर तुकडा घेऊन तुझ्या लघवीसाठी नवी वाट केलीय त्यांनी. पिशवी बसवायची चकती कापताना वहिनी माप कसं घेते, कातडी कोरडी झाल्याशिवाय चिकटवत नाही, हे पाहिलंय मी. तुझ्या सगळ्या ऑपरेशनातलं सर्वांत नाजूक काम मला तेच वाटतं. तिला कधी म्हणालास का तसं?

तू जगलास, दादा. देवाचे, डॉक्टरांचे, वहिनीचे उपकार मी कुठे फेडू?

तुझ्या टपरीवरच्या दोस्ताला महिनाभर लघवीचं “इन्फेक्शन” आहे म्हणे, मेडिकलमधून गोळ्या आणून खातोय. डॉक्टरांचं नाव काढलं की हसतो. माझं तो ऐकणार नाही. तुझं ऐकेल. उद्या त्याला युरॉलॉजिस्टकडे घेऊन जा. नाहीच म्हणाला, तर शर्टाची उजवी बाजू वर कर.

तुझी,
धाकटी