खडे दाखवण्याचं काम

ऑफिसचं काम आत्याला कळतं. रविवारचं कळत नाही. 'पैसे मिळत नाहीत तर करतेस कशाला गं?' हा तिचा ठरलेला प्रश्न. तेव्हा इथे डोकावणाऱ्या समस्त नातेवाईक मंडळींसाठी एकदाच सांगून टाकते.

डेबियन नावाची ऑपरेटिंग सिस्टिम आहे. इयान मर्डॉकने ती १९९३ साली सुरू केली आणि आजही जगभरचे स्वयंसेवकच ती चालवतात. तिच्यातलं प्रत्येक सॉफ्टवेअर पॅकेज करून ठेवलेलं असतं. ते पॅकेज नियमांत बसतं का, हे तपासणारं टूल म्हणजे लिन्टियन. १९९८ पासूनचं, पर्लमध्ये लिहिलेलं. कॉपीराइटची फाइल आहे का, प्रोग्रामसोबत मॅन्युअल पेज आहे का, वर्णनात स्पेलिंग चुकलंय का, असं काय काय ते बघतं. थोडक्यात, तांदूळ निवडणं. फक्त लिन्टियन खडा काढत नाही, बोट ठेवून दाखवतं. काढायचा ज्याचा त्याने.

आणि दाखवण्याचीही रीत आहे. मोठी चूक, इशारा, नुसती माहिती आणि अगदीच कीस काढणं, अशा पायऱ्या आहेत. प्रत्येक चुकीमागे 'का' ते लिहिलेलं असतं. पॅकेजवाल्याला पटलं नाही, तर तो ओव्हरराइडच्या फाइलमध्ये कारण लिहून ती सूचना बंद करू शकतो. काही ठरावीक चुका मात्र अशा, की पॅकेज भांडारात आपोआप नाकारलं जातं. ही पद्धत २००९ साली सुरू झाली. म्हणजे आमची तपासणीच चुकली, तर भलत्याचंच काम अडायचं.

लोक या टूलसाठी पॅच पाठवतात. मी जमेल तसे ते वाचते. मागे एक आला होता, मॅन्युअल पेजच्या तपासणीचं रिफॅक्टरिंग. एकात एक अडकलेल्या अटी सोडवून छान छोटी फंक्शन्स केली होती. वाचताना बरं वाटलं. सगळ्या टेस्ट पास.

फक्त एक अट गायब होती. पेज त्याच सोर्सच्या दुसऱ्या पॅकेजात असेल आणि हे पॅकेज त्याच्यावर अवलंबून असेल, तर तक्रार करू नये, अशी. दिसायला विचित्रच. मग टेस्ट पास कशा? आमच्या टेस्ट म्हणजे मुद्दाम बिघडवलेली छोटी पॅकेजेस आणि त्यांवर लिन्टियनने काय म्हणावं याची यादी. पॅचमध्ये ती यादीच बदलली होती.

रिफॅक्टरिंग म्हणजे घर आवरणं. भांडी कुठल्या फळीवर ठेवायची ते तुम्ही ठरवा, पण देव्हारा हलवायचा तर घरात विचारावं लागतं.

'चूक आहे' एवढं लिहून पॅच परत पाठवता आला असता. पण समोरच्याने नोकरी सांभाळून चार संध्याकाळी घातल्या असणार. अशा दोन शब्दांनी माणूस जातो तो परत येत नाही. म्हणून आधी जे आवडलं ते लिहिलं. ती अट कशासाठी आहे ते उदाहरण देऊन सांगितलं. मग विचारलं, दोन पॅच कराल का? एकात फक्त आवराआवर, यादीला हात न लावता. नियम बदलायचा असेल तर तो दुसऱ्यात, कारणासकट.

बारा दिवस काहीच नाही. गेला, असंच मी धरलं होतं.

तेराव्या दिवशी पॅच आला. एकच. यादी जशीच्या तशी, अट परत जागेवर आणि तिच्या डोक्यावर तीन ओळींची टीप: ही अट इथे का आहे. ती टीप इतकी वर्षं कोणीच लिहिली नव्हती, मीही नाही.

असो. सध्या पुढची फाइल उघडली आहे. तिच्यातही कारण न कळणाऱ्या दोन अटी आहेत. आज जेवणं झाली की जुन्या नोंदी वाचत बसणार.