तुंगभद्रेकाठची टोपली-नाव

माझा मेहुणा सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावात मासे धरतो. सरकारी कागदावर या तलावाचे नाव एकरूख. इंग्रजांच्या काळात, 1871 साली तो बांधून पुरा झाला. मेहुणा तिथल्या पाण्यात उतरायचा तो ट्रकच्या टायरच्या ट्यूबवर बसून. ट्यूबला खाली दोरीची जाळी, त्यावर फळीचा तुकडा आणि दोन्ही पाय पाण्यात. पहाटे चारला जाळी काढायला जायचे आणि आठला परत यायचे. थंडीत पाय पांढरेफटक पडत, बोटांत चिखल्या होत. आपल्या कष्टकरी घरांत असे पाय नवे नाहीत, म्हणून कोणी फार बोलत नसे.

पण 21 मे 2024 च्या संध्याकाळी उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीला जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली. बोटीत सात माणसे होती. एक पोहून काठाला लागला, सहा जण गेले. बातमी ऐकल्यावर माझ्या भाचीने, म्हणजे मेहुण्याच्या सातवीतल्या मुलीने, माझ्या पत्नीला विचारले, "आत्या, ती तर मोठी बोट होती. मग बाबांच्या ट्यूबचं काय?" आमच्यापैकी कोणाकडेच याचे उत्तर नव्हते. त्या रात्री ठरले, मेहुण्याला नाव घ्यायची.

नाव घ्यायची म्हणजे कसली? लाकडी किंवा पत्र्याची मोठी होडी परवडत नाही. काठावर ठेवली तर राखायला माणूस लागतो आणि घर तलावापासून दीड-दोन किलोमीटर. म्हणून एका माणसाने उचलून घरी आणता येईल अशीच नाव हवी. मी पडलो कारकून. कोणतीही खरेदी तीन भाव घेतल्याशिवाय करायची नाही, ही आमची कचेरीतली सवय. तशी चौकशी सुरू केली.

पहिला प्रकार घडीच्या नावेचा. जर्मनीत आल्फ्रेड हॉयरिख नावाच्या एका विद्यार्थ्याने 1905 साली लाकडी सांगाड्यावर कापड ताणून घडीची नाव केली. पुढे क्लेपर नावाच्या शिंप्याने 1907 पासून तिचा कारखाना चालवला. आता अमेरिकेत प्लास्टिकच्या जाड पत्र्याची नाव निघते. कचेरीतल्या फाइलसारखी मिटली की तिची जाडी चार इंच. भाच्याने मोबाइलवर दाखवली. मेहुणा खुळ्यासारखा बघतच राहिला. पण परदेशातून आणायचा खर्च धरला तर वर्षभराची मासळी विकूनही पुरे पडणार नव्हते. ती फाइल तिथेच बंद केली.

दुसरा प्रकार हवा भरायच्या रबरी नावेचा. कचेरीतल्या एका मित्राने सहलीसाठी घेतलेली नाव दोन दिवस वापरायला दिली. पायाच्या पंपाने वीस मिनिटांत ती फुगली. मेहुणा कोरड्या पायांनी बसला, आम्ही काठावर टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी काठावरच्या वेड्या बाभळीचा काटा लागला आणि सूं आवाज सुरू झाला. सायकलच्या पंक्चरसारखे ठिगळ लावले. मग जाळ्यात चिलापी आली. तिच्या पाठीवरचे काटे ज्याने हाताळले आहेत त्याला पुढचे सांगायला नको. स्वच्छ काठावर मौजेसाठी ही नाव ठीक आहे. पोटाच्या धंद्याला ती नको.

तिसरा प्रकार मेहुण्याच्या एका जोडीदाराने सांगितला. "दाजी, तुंगभद्रेवर टोपलीत बसून मासे धरतात. टोपली डोक्यावर घालून घरी नेतात." कानडीत तिला हरिगोलु म्हणतात, कोणी तेप्पा म्हणतात. डिसेंबर 2024 मध्ये मी रजा टाकली. मी, पत्नी आणि मेहुणा असे तिघे रेल्वेने विजापूर, बागलकोट, गदग करत होस्पेटला उतरलो. सोलापूरच्या वस्तीत राहून पत्नीला कानडी चांगले येते. पुढे सगळीकडे तीच आमची पुढारी झाली.

हंपीला जाणारे लोक देवळे पाहायला जातात. आम्ही आधी नदी पाहिली. दोन्ही काठांना हत्तीएवढे गोल धोंडे, जणू कोणी रचून ठेवलेले. मध्ये हिरवे पाणी, पलीकडे भाताची खाचरे आणि केळीच्या बागा. नदीच्या दक्षिणेला हंपी, उत्तरेला आनेगुंदी. या नदीत तळाला खडक आहेत. लाकडी होडी त्यावर आपटून फुटेल. टोपलीचा तळ सपाट आणि लवचिक, वीतभर पाण्यातही ती खडकावरून सरकत जाते. म्हणून ती इथे टिकली.

किती वर्षे टिकली? 1520 च्या सुमारास, कृष्णदेवरायाच्या काळात दोमिंगो पाएस नावाचा पोर्तुगीज प्रवासी इथे आला होता. त्याने लिहून ठेवले आहे की, इथल्या नावा टोपलीसारख्या गोल, आतून वेताच्या आणि बाहेरून कातड्याने मढवलेल्या असतात. पंधरा-वीस माणसे त्यांत बसतात, गरज पडली तर घोडे आणि बैलही नेतात, आणि त्या सारख्या गरगर फिरतात. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वी राजधानीत येणारा-जाणारा याच टोपलीत बसत होता.

ती टोपली कोणी विणली? ते कातडे कोणी सोलले, कोणी कमावले? हंपीच्या दगडांवर राजांची नावे कोरलेली आहेत. टोपली विणणाऱ्याचे आणि कातडे कमावणाऱ्याचे नाव मला कुठे आढळले नाही. ज्या हातांचा विटाळ धरला, त्याच हातांच्या कामावर बसून सगळे नदीपार झाले. वाचक बंधू-भगिनींनो, हंपी पाहायला जाल तेव्हा देवळे जरूर पाहा, पण काठावर पालथी पडलेली टोपलीही पाहा.

आता कातडे गेले. आनेगुंदीच्या बाजूला एका वस्तीत साठीचे एक बाबा टोपल्या विणत होते. बांबूच्या कामट्या आडव्या-उभ्या विणून तळ, मग त्या वर वळवून काठ, आणि काठाला जाड वेढा. बाहेरून प्लास्टिकची पोती शिवून बसवायची आणि त्यावर गरम डांबर चोपडायचे. ते म्हणाले, "दरवर्षी डांबर लावा. वापरून झाली की पालथी घालून वाळवा. ओली ठेवलीत तर बांबू कुजेल, मग मला नाव ठेवू नका."

आम्हाला सहा फूट व्यासाची टोपली दाखवली. मेहुण्याचे पाणी तलावाचे, म्हणून परीक्षाही वाहत्या नदीत नको, साणापूरच्या तलावात घेऊ, असे बाबांनीच सुचवले. तिथे आधी मी बसलो. वल्हे उजवीकडे मारले, तर टोपली डावीकडे गिरकी घेऊ लागली. डावीकडे मारले, तर उलटी गिरकी. पाएसाचे म्हणणे मला पोटातून पटले. काठावर पत्नी पदर तोंडाला लावून हसत होती. मग बाबांनी युक्ती सांगितली. पाणी बाजूने ढकलायचे नाही. काठाशी गुडघे टेकून बसायचे आणि समोरचे पाणी आपल्याकडे ओढायचे, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे. मेहुणा अर्ध्या तासात शिकला. त्याने जाळे टाकून पाहिले, काठावरून वाकून ओढून पाहिले. टोपली कलली, पण उलटली नाही. उभे राहिल्यावर मात्र डगमगली. तेव्हा उभे राहायचे नाही, हा नियम तिथेच ठरला. तासभर पाण्यात ठेवून तळाला ओल येते का तेही पाहिले. आत कोरडे होते.

दोषही सांगितले पाहिजेत. टोपलीला खाली कणा नाही, त्यामुळे वारा तिला पानासारखी ढकलतो. वारा सुटला की मुकाट्याने काठ धरावा. वाहत्या पाण्यात, बंधाऱ्याजवळ तर तिला नेऊच नये. बाबांनी त्याच वर्षीच्या ऑगस्टची गोष्ट काढली. वरच्या तुंगभद्रा धरणाच्या 19 व्या दरवाजाची साखळी तुटली आणि पाण्याचा लोंढा खाली आला होता. "नदीशी ओळख असावी, पण सलगी नको," असे ते म्हणाले.

सौदा साडेचार हजारांना झाला. त्यात वल्हे एक. गंगावतीहून सोलापूरला तांदूळ घेऊन येणाऱ्या ट्रकवर टोपली पालथी बांधून आणली, त्याचे सहाशे. सोलापुरात दोन लाइफ जॅकेट घेतली, त्यांचे अठराशे. एकूण सहा हजार नऊशे. मेहुणा म्हणाला, "जॅकेट पुढच्या महिन्यात घेऊ." पत्नीने सांगितले, "मग टोपलीही पुढच्या महिन्यातच पाण्यात घाल." जॅकेट त्याच दिवशी आली.

पैसे मी घातले. मेहुणा महिन्याला पाचशे देतो आणि भाची वहीत मांडते. जमा-खर्चाच्या दोन बाजू तिला मी शिकवल्या. बी.कॉम.चा असा उपयोग होईल असे वाटले नव्हते.

पहिल्या दिवशी मेहुणा टोपली डोक्यावर पालथी घेऊन निघाला, तेव्हा गल्लीतली पोरे "कासव चाललं, कासव चाललं" म्हणत मागे धावली. आठ वाजता तो परतला. दोन कटला, थोडी चिलापी आणि एक मरळ. मासळी नेहमीइतकीच होती. पण पाय कोरडे होते. भाचीने आधी बापाचे पाय पाहिले आणि मगच टोपलीत डोकावली.

ज्यांच्या घरी कोणी ट्यूबवर किंवा थर्माकोलवर बसून पाण्यात जाते, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. टोपली घ्या किंवा दुसरी कोणती नाव घ्या, पण आधी जॅकेट घ्या. नाव घेताना दुकानात नव्हे, पाण्यात बसून पाहा. घरच्या बाईला बरोबर न्या, कारण वाट तीच पाहत असते.

एक सांगायचे राहिले. टोपलीच्या आतल्या काठावर भाचीने लाल रंगाने एक नाव लिहिले आहे. आम्हाला वाटले बापाचे असेल. ते त्या विणणाऱ्या बाबांचे होते. तिने आत्याकडून विचारून घेतले होते. यंदाचे डांबर लावताना मेहुण्याने तेवढी जागा जपून ठेवली.