नऊ ग्रॅम मीठ

टेंभी नाक्यावर नवरात्रात पाय ठेवायला जागा नसते. आज मात्र औषधांच्या दुकानासमोर निवांत उभं राहता आलं. काउंटरवर सलाइनची बाटली होती. तिच्यावर छापलेलं: सोडियम क्लोराइड ०.९ टक्के. अकरावीत जीवशास्त्र घेतलेली मुलं रसायनशास्त्राला नाकं मुरडतात. त्यांच्या हातात सरळ ही बाटलीच द्यावी.

लिटरभर पाण्यात ९ ग्रॅम मीठ. मिठाचा एक मोल ५८.४४ ग्रॅमचा, म्हणजे लिटरला साधारण ०.१५४ मोल. पाण्यात सोडियम आणि क्लोराइडचे आयन सुटे होतात, कणांची संख्या दुप्पट होते आणि ती रक्तद्रवातल्या कणांच्या जवळपास जाते. म्हणून तांबड्या पेशी सलाइनमध्ये शाबूत राहतात. नुसतं शुद्ध पाणी शिरेत सोडलं तर ते पेशींत घुसतं. त्या फुगतात, फुटतात. (शुद्ध ते सगळं सुरक्षित, हा आपला भाबडेपणा!)

मीठ विरघळतं ते पाण्याच्या रेणूमुळे. त्याची ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण, ती सोडियमला घेरते. हायड्रोजनची बाजू किंचित धन, ती क्लोराइडला. मला तर सगळ्या धड्यात हेच आवडतं. रक्ताचा पीएच, ७.३५ ते ७.४५, उद्याच्या तासाला घेईन.