खिडकीला कोणता दगड?

घराचं काम काढलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. टाइल्स कुठल्या घेतल्या आणि खर्च किती आला? खिडकीच्या कट्ट्याचं कोणी विचारत नाही. गवंडी त्याला 'सिल' म्हणतात, आम्ही कट्टाच म्हणतो. खिडकीखाली आतल्या बाजूला भिंतीच्या जाडीइतकी जी फरशी असते, ती. आमच्या जुन्या घराच्या भिंती दीड फुटी, त्यामुळे कट्टा चांगला फूटभर रुंद. त्यावर काय नसतं? चष्मा, रेडिओ, औषधांचा डबा, वाळत घातलेल्या शेंगांचं ताट, आणि संध्याकाळी वाऱ्याला टेकलेलं घरातलं एखादं माणूस.

यंदा वाळवी लागलेल्या लाकडी खिडक्या काढून सरकत्या काचेच्या बसवायचं ठरलं. चौकटी काढताना जुने कट्टेही निघणार होते. मग तिथे आता काय घालायचं, यावर आमच्या घरात पंधरा दिवस चर्चा चालली. मुलगा पुण्याहून फोनवर, सून व्हिडिओवर, आणि आम्ही दोघं इथे सोलापुरात चहा घेत!

आधी थोडा भूगोल सांगते. (तीस वर्षं शिकवला, सवय जात नाही.) आपलं सोलापूर बसलंय बसाल्टवर, म्हणजे काळ्या दगडावर. लाव्हारस थंड होऊन झालेला हा दगड भिंतींना उत्तम, पण त्याच्या पातळ फरश्या सहज सुटत नाहीत. पूर्वेला कलबुर्गी जिल्ह्यात गेलं की हा बसाल्ट संपतो आणि त्याच्याखालचा जुना चुनखडक उघडा पडतो. पाण्याच्या तळाशी थरावर थर साचून झालेला तो खडक, त्यामुळे वहीच्या पानांसारखा सुटतो. हीच आपली शहाबादी फरशी. शहाबाद गाव सोलापूर-वाडी रेल्वेमार्गावरच आहे. सोलापुरात रेल्वे आली १८६० साली आणि १८७१ पर्यंत ती पुढे रायचूरला पोचली. एवढा जड माल इकडे आणायची सोय त्यामुळे झाली. आपल्याकडच्या जुन्या घरांत भिंती काळ्या दगडाच्या आणि पायाखाली करडी शहाबादी दिसते, ती अशी.

आता दुकानात काय काय दाखवतात ते सांगते. कडप्पा हाही चुनखडकच, पण काळा, आंध्रातला. स्वयंपाकघराच्या ओट्याला पूर्वी तोच असायचा. राजस्थानातून येणारा कोटा हिरवट-निळसर, तोही त्याच जातीचा. या तिघांचा एक स्वभाव सारखा, आंबट सोसत नाही. लिंबाची अर्धी फोड तासभर राहिली की पांढरा डाग पडलाच. ॲसिडने पुसणं तर सोडूनच द्या. ग्रॅनाइटचं तसं नाही. इलकलचा लालसर ग्रॅनाइट आपल्याला साडीइतकाच जवळचा. लिंबू सांडा, चहा सांडा, फडकं फिरवलं की झालं. गंमत म्हणजे 'काळा ग्रॅनाइट' म्हणून जो विकतात, त्यातला पुष्कळसा शास्त्राच्या भाषेत ग्रॅनाइट नसतोच, तो डोलेराइट असतो, म्हणजे आपल्या बसाल्टचा भाऊ!

दगड ठरला तरी त्यावरचं काम ठरायचं राहतं. तोच दगड बारीक, आणखी बारीक घासत नेला की आरशासारखा होतो, ते मिरर पॉलिश. मध्येच थांबलं की मऊ पण चमक नसलेला. ब्रशने घासून चामड्यासारखा खडबडीत केला की लेदर फिनिश.

मुलाचं म्हणणं होतं, सगळीकडे काळा ग्रॅनाइट, मिरर पॉलिश. डाग नाहीत, कटकट नाही. त्याचं चुकत नव्हतं. मग तो म्हणाला, "आई, उद्या घर विकायचं झालं तर गिऱ्हाईक आधी हेच बघतं." फोनवर क्षणभर कोणीच बोललं नाही. ही गोष्ट घरात सगळ्यांच्या मनात असते, बोलत कोणी नाही. त्याला वाईट काही म्हणायचं नव्हतं. आम्ही दोघंही सत्तरीपुढे, मुलं पुण्यात. त्यानं विचार करायलाच हवा. पण मला वाटलं, जो गिऱ्हाईक अजून आलेला नाही त्याच्या आवडीचा कट्टा आपण आज कशाला बसवायचा?

कारण पुढच्या खोलीतल्या त्या खिडकीशी बसणारं माणूस ठरलेलं आहे. ह्यांना काचबिंदू आहे. गेली चार वर्षं कडेचं दिसत नाही, समोरचंही धूसर. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंबांनी जपायची. हे घरात हातानं फिरतात. दाराची कड, खुर्चीची पाठ, मग कट्टा. तिथे रेडिओ, तिथेच पाण्याचं भांडं. खिडकी पश्चिमेची. मे महिन्यात दुपारी आपल्याकडचं ऊन काय असतं ते सोलापूरकरांना सांगायला नको. चकचकीत दगडावर ते पडलं की अशा डोळ्यांना नुसती तिरीप, आणि भांडं कुठे आणि त्याचं प्रतिबिंब कुठे तेच कळत नाही.

मी गवंड्याला चार तुकडे घरी आणायला सांगितले. (माझाच जुना विद्यार्थी, अजून 'बाई' म्हणतो.) ते त्याच खिडकीत मांडले. ह्यांनी एकेकावरून तळवा फिरवला. मिरर पॉलिशवर हात ठेवून म्हणाले, "अगं, ही काच आहे. इथे थांबायचं कुठे ते कळत नाही." लेदर फिनिश आवडला, पण दुपारी तोच तुकडा हाताला चटका देऊ लागला, काळा ना तो. शेवटी घासलेल्या, पॉलिश न केलेल्या शहाबादीवर हात थांबला. "ही आपलीच दिसते," म्हणाले. 'दिसते' म्हणाले, मी काही बोलले नाही.

मग ठरलं ते असं. स्वयंपाकघरात आणि मुलाच्या खोलीत ग्रॅनाइट, त्याच्या मनासारखा. पुढच्या खोलीत करडी शहाबादी, वर तेल-चहाचे डाग मुरू नयेत म्हणून सीलर. कड गोल करून घेतली, म्हणजे मनगट आपटलं तरी लागू नये. भिंत पांढरट ठेवली, त्यामुळे कट्टा कुठे सुरू होतो ते धूसर नजरेलाही कळतं. आणि कडेपासून दोन बोटं आत एक बारीक खाच मारून घेतली. भांडं खाचेच्या आत ठेवायचं, एवढा एकच नियम. सून म्हणाली, "आई, त्यात धूळ बसेल." बसेल की. जुना टूथब्रश कशासाठी असतो?

मुलगा दिवाळीत येऊन बघून गेला. कट्ट्यावर बसला, खाचेवरून बोट फिरवत राहिला. घर विकण्याचा विषय निघाला नाही. कधीतरी निघेल, तेव्हा बघू.

तुमच्याकडे काम निघालं तर एवढंच करा. दुकानातल्या दिव्याखाली दगड पसंत करू नका. तुकडा घरी आणा, दुपारी दोनला बघा, रात्री ट्यूबच्या उजेडात बघा. आणि त्या खिडकीशी रोज जो बसतो, त्याला आधी हात लावू द्या.