कॅसेटीतला सचिन, खोक्यातला सचिन

नागपूरच्या नंदनवन ले-आउटमधल्या गच्च्यांवरचे काड्यांचे अँटेना एके काळी पश्चिमेला, सेमिनरी हिल्सच्या टीव्ही टॉवरकडे तोंड करून उभे असत. पुढे छत्र्या आल्या आणि त्यांनी तोंडं दक्षिणेकडे वळवली, कारण त्यांना हवा असलेला उपग्रह विषुववृत्तावर, सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतो. चित्र सुधारत गेलं, ते या फिरत्या दिशांबरोबर.

तेव्हा बहुतेकांकडे भाड्याचा व्हीसीपी यायचा. तो फक्त कॅसेट दाखवायचा. टीव्हीवरचं टिपून घ्यायला व्हीसीआर लागायचा आणि तो गल्लीत एखाद्याकडेच असायचा. एप्रिल १९९८ मध्ये शारजात सचिननं ऑस्ट्रेलियाविरुद्ध २२ तारखेला १४३ आणि २४ तारखेला १३४ धावा केल्या. त्या खेळींच्या कॅसेटीवर चुकूनही दुसरं काही रेकॉर्ड होऊ नये म्हणून कडेची प्लॅस्टिकची टिकली मुद्दाम तोडलेली असायची. ‘‘काका, सचिनवाली कॅसेट द्या न,’’ म्हणत पोरं दारात येत. कॅसेट जगनाडे चौकापर्यंत फिरून यायची. चित्रात रेघा वाढलेल्या असत, पण ती पाहणारी माणसंही वाढलेली असत.

ऑक्टोबर २००८ मध्ये टाटा स्काय प्लस आलं आणि रेकॉर्डर थेट छत्रीलाच जोडला गेला. १६० जीबीची हार्ड डिस्क, सुमारे ४५ तासांचं रेकॉर्डिंग, शिवाय चालू कार्यक्रम थांबवायची सोय! पुढच्याच महिन्यात जामठ्याच्या नव्या मैदानावर सौरव गांगुली शेवटची कसोटी खेळला. पहिल्या डावात ८५, दुसऱ्यात शून्य. दिवसभर ऑफिसात असणाऱ्यांना संध्याकाळी असा सामना सावकाश, हवा तिथे थांबवून पाहता येऊ लागला, हे सुख लहान नव्हतं.

मग एचडी आलं. ऑक्टोबर २०१० मधल्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धा दूरदर्शननं एचडीत दाखवल्या. जुन्या चित्रात ७२० गुणिले ५७६ ठिपके, नव्यात १९२० गुणिले १०८०. म्हणजे बरोबर पाचपट. गच्चीवरची छत्री तीच चालली, पण खालचा बॉक्स बदलावा लागला, कारण जुन्या बॉक्सला हे चित्र उलगडता येत नव्हतं. रेकॉर्डरला दोन ट्यूनर, म्हणून छत्रीपासून दोन वायरी. टीव्हीला लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांऐवजी एक एचडीएमआय. पहिल्यांदा एचडी सामना लागला तेव्हा चेंडूची शिवण दिसली, खेळपट्टीच्या भेगा दिसल्या. चष्मा लावूनही आईला जे नीट दिसत नव्हते, ते धावफलकावरचे आकडे ती लांबून वाचू लागली.

जुन्या बॉक्समधलं रेकॉर्डिंग मात्र नव्यात आलं नाही. ते सांकेतिक कुलपात होतं आणि कुलूप त्याच बॉक्सशी बांधलेलं. त्यात १२ मार्च २०११ चा जामठ्याचा विश्वचषक सामना होता: सचिनच्या १११ धावा, १ बाद २६७ वरून सर्वबाद २९६ झालेला भारत आणि दोन चेंडू राखून जिंकलेली दक्षिण आफ्रिका. आपल्या गावातला, आपण टिपलेला सामना आपल्याच घरात परका झाला.

२०१६ मध्ये झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी यांच्या एचडी वाहिन्या सुरू झाल्या. त्याच वर्षी जपानच्या फुनाई कंपनीनं व्हीसीआर बनवणं थांबवलं; ती शेवटची उत्पादक होती. आज मोबाइलवर हवा तो सामना मिळतो, पण तो दुसऱ्याच्या साठ्यातला. त्यांनी काढून घेतला की आपल्याकडे काही उरत नाही.

आजचं चित्र सरस आहे, यात शंका नाही. एचडी बघितल्यावर मागे जावंसं मलाही वाटत नाही. पण टिपून ठेवणं आणि उसनं देणं या दोन गोष्टी त्या कॅसेटीबरोबर गेल्या, आणि त्या मोलाच्या होत्या. म्हणून ज्यांच्या कपाटात लग्नाच्या, बारशाच्या, सामन्यांच्या कॅसेटी आहेत, त्यांनी त्या आताच संगणकावर उतरवून घ्याव्यात. फीत दरवर्षी झिजते आहे, आणि ती वाचणारी यंत्रं आता नव्यानं बनत नाहीत. उतरवून झालं की एक प्रत शेजाऱ्यांनाही द्यावी. त्या चित्रात बहुधा तेही असतील.