पिशाचांची प्रीती

प्रेमिकांच्या बोलण्यात अतिशयोक्ती फार. 'तुझ्यावाचून मी जगू शकत नाही' असे रात्री म्हणणारा माणूस सकाळी व्यवस्थित जेवतो, कचेरीत जातो, पहिल्या तारखेला पगारही घेतो. हे वाक्य अक्षरशः खरे करून दाखवणारी प्रेमिकांची एकच जात मला ठाऊक आहे. ती म्हणजे युरोपीय भयकथांतला व्हँपायर! त्याला 'रक्तपिपासू पिशाच' म्हटले की त्याची अर्धीच ओळख होते. आपली हडळ झपाटते, आपला वेताळ कोडी घालतो. व्हँपायर मात्र मागणी घालतो.

या कथा मी भीतीसाठी वाचत नाही. भीती पहिल्या वाचनातच खर्ची पडते. मागे उरते ती प्रेमकथा, आणि बहुधा ती अशा प्रेमाची असते की ज्याला दिवसाउजेडी कोणी पाट मांडला नसता. १७९७ साली ग्योटेने 'कोरिंथची वधू' लिहिली. आईने नवस फेडण्यासाठी देवाला वाहिलेली मुलगी झुरून मरते आणि रात्री आपल्या नियोजित वराकडे येते. तिचे मागणे काय, तर हुकलेला संसार! १८३६ साली गोतिएने क्लारिमोंद रंगवली. ती एका तरुण धर्मगुरूवर जीव जडवते. तो झोपला असता सोन्याच्या टाचणीने त्याच्या दंडातून चार थेंब घेते. चारच, कारण तो मरता कामा नये. तिची ही काटकसर पाहिली की माझ्या मनात येते, जिवंत माणसांच्या संसारात एवढा हिशेब कितीजण ठेवतात? पुढे एक वृद्ध धर्मगुरू तिची कबर उघडून पवित्र तीर्थ शिंपडतो आणि तिची राख होते. तरुणाचा आत्मा वाचला खरा. पण म्हातारपणीही त्याला तिची आठवण सोडीत नाही.

माझ्या मनात घर करून राहिली ती मात्र डब्लिनच्या शेरिडन ल फानूची 'कार्मिला'. १८७१-७२ साली ती एका मासिकातून क्रमशः आली. म्हणजे 'ड्रॅक्युला'च्या पंचवीस वर्षे आधी. ऑस्ट्रियाच्या स्टीरिया प्रांतातल्या एकाकी गढीत लॉरा ही मुलगी वडिलांबरोबर राहते. तिला मैत्रीण नाही. वाटेत गाडी उलटते आणि कार्मिला ही देखणी पाहुणी घरात येते. तिला ठेवून घ्या, म्हणून लॉराच वडिलांच्या कानाशी लागते. मग हात हातात घेणे, केसांशी खेळणे, गालाशी ओठ नेऊन 'तू माझी आहेस' असे पुटपुटणे सुरू होते. लॉराला ओढ वाटते आणि त्याच क्षणी शिसारीही येते. बिचारी विचार करते, हा कोणी मुलीच्या वेषात आलेला प्रियकर तर नसेल? जुन्या गोष्टींत असे असते, हे तिने वाचलेले होते. एका मुलीचे दुसऱ्या मुलीवर असे मन बसू शकते, हे मात्र तिला कोणत्याच पुस्तकाने सांगितलेले नव्हते.

कार्मिलाला निर्दोष ठरवण्याचा माझा विचार नाही. आसपासच्या गावांतल्या गरीब मुली ती दोन-चार दिवसांत संपवते. अनुनय, आर्जवे, सबुरी हे सारे गढीतल्या लॉरासाठी! पिशाचालाही घराण्याची जाण असते, हे वाचून मला हसू येते आणि मग येत नाही. शेवटी वडीलधारे पुरुष जमतात, तिच्या छातीत खुंटा ठोकतात, शिर उडवतात, राख नदीत टाकतात. सारे यथासांग होते. परंतु दहा वर्षांनंतरही दिवाणखान्याच्या दाराशी तिची हलकी पावले वाजल्याचा लॉराला भास होतो.

ब्रॅम स्टोकरही डब्लिनचाच. त्याच्या 'ड्रॅक्युला'त (१८९७) ल्यूसीला एकाच दिवशी तिघे मागणी घालतात आणि मुलीला तिघांशी लग्न का करता येऊ नये, असे ती थट्टेने लिहून जाते. पुढे आजारपणात चार पुरुषांचे रक्त तिच्या अंगात घालावे लागते. नियोजित वर आर्थरला वाटते, आपले रक्त दिले तेव्हाच आपले लग्न लागले. बाकीचे तिघे गप्प बसतात! आणि ती पिशाच झाल्यावर तिच्या छातीत खुंटा ठोकण्याचा मानही आर्थरलाच मिळतो. त्याआधी किल्ल्यात तीन स्त्रिया तरुण जोनाथनच्या गळ्याशी येतात, तेव्हा 'हा माझा आहे' असे म्हणून काउंट त्यांना हाकलतो. पण त्यापुढे लेखक दातांच्या खुणा दाखवतो त्या स्त्रियांच्याच गळ्यावर. दोनच वर्षांपूर्वी, १८९५ मध्ये, ऑस्कर वाइल्डला पुरुषांशी ठेवलेल्या संबंधांपायी दोन वर्षांची सक्तमजुरी झाली होती. अशा काळात काही वाक्ये पिशाचाच्या तोंडी घातली तरच छापता येतात. त्याच साम्राज्याने १८६० साली आपल्याला दिलेल्या दंडसंहितेतील ३७७ कलमाचा विळखा सज्ञानांच्या राजीखुशीच्या संबंधांवरून सुटायला २०१८ साल उजाडावे लागले.

माझ्या परिचयातल्या दोन शिक्षिका एकतीस वर्षे एका बिऱ्हाडात राहिल्या. लोक त्यांना 'त्या दोघी मैत्रिणी' म्हणत, आणि त्यापलीकडे कोणी काही विचारीत नसे. थोरली गेली तेव्हा मी समाचाराला गेलो. बाहेरच्या खोलीत तिचे भाऊ बसले होते. येणारा प्रत्येकजण त्यांच्यापाशी दोन शब्द बोले. धाकट्या बाई आत सगळ्यांसाठी चहा करीत होत्या. मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, कप नेहमीसारखे दोन-दोन विसळले जातात हो." एवढेच, आणि पुन्हा स्टोव्हकडे वळल्या.

त्या घरात कोणी कोणाचे रक्त प्यायले नव्हते. होती ती साधी माया आणि डाळतांदळाचा हिशेब. तरी त्यांच्या नात्याला आमच्याकडे शब्द नव्हता, आणि म्हणूनच शोकालाही बाहेरच्या खोलीत जागा नव्हती. ल फानूने कार्मिलाला पिशाच केले. त्याच्या काळात याखेरीज दुसरी वाट त्याला दिसली नसावी. पण लॉराच्या कानांत राहिलेली पावले त्याने पुसली नाहीत, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. खुंटा ठोकणाऱ्यांना काय गेले ते कळले नाही. दाराकडे कान लावून बसलेल्या त्या मुलीला ते पुरते कळले होते.