आमच्या मोटारीचे शॉकअप

पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ नामक ग्रीक ग्रंथांत आमच्या तेरचा, म्हणजे प्राचीन तगरचा, माल गाड्यांतून बिकट प्रदेश ओलांडून भडोचला जाई, असें लिहिलें आहे. त्या गाड्यांना शॉकअप नव्हते. आमच्या जुन्या मोटारीला होते, पण झिजलेले! मोटारीचा भार स्प्रिंग पेलते. शॉकअपमधील तेल बारीक छिद्रांतून जातांना तिचें उसळणें शमवितें. आमच्या शॉकअपमधील तेल गळून गेलें होतें. आजीची पाठ प्रत्येक खड्डा मोजीत असे.

“गॅरेजला मजुरी कशाला? आपणच बदलूं,” मी बाबांस म्हणालों. त्यांनीं होकार दिला. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीं तेल सोडलें, सकाळीं मोटार जॅकनें उचलून भक्कम स्टँडांवर टेकविली आणि मागची जोडी बदलली.

मग मीं उत्साहानें बॉनेट उघडलें व पुढील शॉकअपच्या वरच्या नटावर पाना लावला. बाबांनीं माझा हात घट्ट धरला. “मागें स्प्रिंग निराळी आहे, येथें ती शॉकअपवरच दाबून बसविली आहे. मधला नट सोडलास, तर ती उसळून तोंडावर येईल!”

मला तो भित्रेपणा वाटला, मी रुसलों. दुसऱ्या दिवशीं धाराशिवच्या गॅरेजांत मिस्त्रींनीं ती स्प्रिंग प्रथम लोखंडी शिकंज्यांत आवळली, मगच तो नट सोडला. शेवटीं चाकांचें अलाइनमेंटही केलें. मी मुकाट्यानें पाहत राहिलों.

विद्यार्थिमित्रहो, मागच्या जोडीची मजुरी आम्हीं वांचविली. पुढच्या जोडीची मीं आपल्या हातानें, आनंदानें मोजून दिली.